गणपूर्ती

गेल्या प्रजासत्ताक दिनी आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदन आटोपले, मुलांना बुंदीचे लाडू वाटून झाले आणि अर्ध्या तासाने त्याच पटांगणात ग्रामसभा भरायची होती. ग्रामसेवकांनी हजेरीच्या वहीत पट्टी लावून रकाने आखले होते आणि डावीकडे १ पासून १०० पर्यंतचे आकडे आदल्या दिवशीच घालून ठेवले होते. वही एका बाकावर होती, शेजारी अंगठ्यासाठी निळ्या शाईचे पॅड आणि अंगठा पुसायला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. मी सदतिसावा होतो. माझ्यामागून सहा जण आले आणि वही ४३ या आकड्यापाशी थांबली. खालच्या सत्तावन्न ओळींत माणसांच्या वतीने नुसते आकडे हजर होते. "कोरम झालो?" असे कोणीतरी विचारले, ग्रामसेवकांनी घड्याळाकडे पाहिले, सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिले आणि सभा तहकूब झाली.

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८चा आहे. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमल्याशिवाय ग्रामसभा सुरू करता येत नाही. परंतु एकदा तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. ही सवलत वाईट हेतूने दिलेली नाही. ती नसती तर, ज्या गावांतली अर्धी घरे चतुर्थीला आणि शिमग्यालाच उघडतात त्या आमच्यासारख्या गावांचा कारभार ठप्प झाला असता. मात्र त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरच्या, नव्या चिरेखाणीला ना-हरकत देण्याचा होता, आणि बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कोणता विषय कितव्या क्रमांकावर आणि कोणत्या दिवशी येतो याकडे माझे लक्ष सवयीनेच जाते.

घरी परतताना पाणंदीत एकच प्रश्न डोक्यात होता: किती माणसे जमली म्हणजे सभा होते? मोजणी कोणी सुरू केली, आणि कशासाठी?

नोकरीतली सहा वर्षे मी अलिबागला होतो आणि इस्राएल आळीपासून जवळच भाड्याने राहत होतो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासच्या गावांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. इस्राएल स्थापन झाल्यानंतर बहुतेक घरे तिकडे गेली. माझ्या शेजारचे काका गेले नव्हते. शनिवारी सकाळी ते सिनेगॉगच्या फाटकापाशी उभे राहून रस्त्याकडे बघत असत, आणि पहिल्यांदा मला ते कोणा पाहुण्याची वाट बघत असावेत असे वाटले. पुढे त्यांनी सांगितले की सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. एकट्याने प्रार्थना करायला कोणाची हरकत नाही, पण तोरा या धर्मग्रंथाचे जाहीर वाचन आणि मृतांसाठी म्हणायचे कद्दिश दहा जणांवाचून होत नाही. काही शनिवारी ते आमच्या दारावरून परत जाताना, न विचारता, एवढेच म्हणत, "आज नऊ." ते ज्या वास्तूसमोर उभे राहत तिचे हिब्रू नाव बेथ क्नेसेथ, म्हणजे जमण्याचे घर, आणि इस्राएलच्या संसदेचे नाव क्नेसेट. देवळाला आणि लोकसभेला एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेविषयी मला तेव्हापासून कुतूहल आहे.

असा शब्द आपल्याही किनाऱ्यावर आहे, फक्त तो आपल्याला ओळखू येत नाही. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला इगर्जी म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'इग्रेझा'वरून आला, तो लॅटिनमधल्या आणि मूळ ग्रीकमधल्या 'एक्लेसिया'वरून. आणि एक्लेसिया म्हणजे अथेन्सच्या नागरिकांची सभा, जिथे युद्धाचे आणि धान्याचे निर्णय हात वर करून होत असत. एखाद्याला शहराबाहेर घालवायचे तर सहा हजार मते पडावी लागत. नागरिक बाजारात गप्पा मारीत रेंगाळले की शिपाई लाल रंगात भिजवलेला दोर दोन्ही बाजूंनी धरून त्यांना सभेच्या टेकडीकडे हाकीत, आणि ज्याच्या वस्त्राला रंग लागला तो उशिरा आलेला म्हणून सगळ्यांना कळे. आमच्या ग्रामसेवकांना असा दोर मंजूर झाला तर आमचा कोरम होईल काय, याचा मी गंभीरपणे विचार केला आहे. दोराला लागण्याइतकी माणसे बाजारात असायला हवीत, ही अडचण उरतेच.

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत आणि त्यांच्याकडे जुम्म्याच्या नमाजाला इमामाखेरीज तिघे असले तरी चालते; शाफई परंपरा चाळीस पुरुष मागते. खाडीपलीकडच्या माझ्या एका शाळासोबत्याच्या गावात, निम्मे तरुण आखातात आणि उरलेले मुंबईत, अशा स्थितीत दर शुक्रवारी चाळिसांची बेरीज कशी जमवावी लागते ते त्याने मला हातांची बोटे मोडीत सांगितले होते. बोटे संपल्यावर तो चुलत्यांकडे वळला. जमात हा शब्दच मुळी 'एकत्र होणे' या अर्थाच्या धातूतून आला आहे, आणि आपण तो जातीच्या जोडीला बसवून इतका वापरला की त्यातले जमणे आपल्याला ऐकू येईनासे झाले.

बौद्ध संघाची मोजणी मला सर्वांत जास्त जवळची वाटते, कारण तिने दुर्गम मुलखाची अडचण ओळखली. नव्या भिक्षूला उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, देण्यासाठी दहा भिक्षूंचा संघ लागे. अवंतीकडे सोण कुटिकण्ण याला ती मिळायला तीन वर्षे लागली, कारण त्या भागात दहा भिक्षू एका जागी जमतच नव्हते. संघाच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, पुढची हकिगत आहे: गाऱ्हाणे बुद्धापर्यंत पोहोचले आणि सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच जणांची गणपूर्ती मान्य झाली, मात्र त्या पाचांत एक जण विनय, म्हणजे संघाचे नियम, जाणणारा हवा. अट सैल करताना जाणत्या माणसाची अट वर घातली, हे मला फार शहाणपणाचे वाटते. आमच्या १९५८च्या कायद्याने अट काढली, तेव्हा तिच्या जागी काहीच ठेवले नाही. आपला उत्तर कोकण या इतिहासापासून लांब नव्हता; सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून काढला, आणि अशोकाच्या आदेशांचे तुकडेही त्याच गावात सापडले.

संघाच्या सभेची पद्धत तर आजच्या कोणत्याही अध्यक्षाने पाठ करावी अशी आहे. आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्तावाची सूचना. मग महत्त्वाच्या कामी प्रस्ताव तीनदा म्हणून दाखवायचा आणि प्रत्येक वेळी सांगायचे, ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. एकमत झाले नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मते मोजायची. आजारी भिक्षूने आपली संमती दुसऱ्याच्या हाती पाठवायची. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेसकट सभेत आणायचे, आणि हलवणे धोक्याचे असेल तर संघाने त्याच्यापाशी जायचे, पण एखाद्याला वगळून अपुऱ्या संघाने काम उरकायचे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी याच संघांचा दाखला दिला: आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी हे सारे भिक्षूंच्या संघांना ठाऊक होते आणि भारताने ते पुढे गमावले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच संविधानाने लोकसभेची गणपूर्ती एक दशांश ठरवली. ५४३ जागांचे सभागृह पंचावन्न जणांवर चालू शकते.

वैदिक वाङ्मयात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली आहेत आणि त्यांनी एकमताने माझे रक्षण करावे, अशी अथर्ववेदात प्रार्थना आहे. ऋग्वेदाचे शेवटचे सूक्त 'सं गच्छध्वं सं वदध्वं' म्हणते; ते आमच्या शाळेत दर सोमवारी म्हटले जाई आणि आम्ही ते एकत्र चालण्यापेक्षा एकत्र ओरडण्यासाठी वापरले. पण महाभारताने ज्या पर्वाला सभेचे नाव दिले, त्या पर्वात सभा काय करते? द्रौपदी एक कायद्याचा प्रश्न विचारते: आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला कसा लावतो? सभा भरलेली होती, वृद्ध होते, जाणते होते, गणपूर्तीची कोणतीही अट पुरी झाली असती. विदुर बोलला, दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण बोलला, आणि बाकीच्यांनी जमिनीकडे पाहिले. ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, ही सोय तिथेही होती.

आमच्या दक्षिण कोकणात माणसे जमवायची झाली तर गाऱ्हाण्याला तोड नाही. जत्रेला, शिमग्याला, नव्या घराच्या वास्तूला, अगदी क्रिकेटच्या स्पर्धेलाही नारळ हातात धरून एक जाणता माणूस सुरुवात करतो, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा," आणि प्रत्येक वाक्याशेवटी जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" चाकरमान्यांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. झाली चूकभूल पदरात घे, व्हय म्हाराजा. ती लय अंगात भिनलेली असते. साठी उलटली तरी नारळ उचलला की माझे ओठ आपोआप हलतात. मालवण तालुक्यात आचऱ्याला दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेतात आणि कौल मिळाला की सारे गाव गुराढोरांसकट तीन दिवस शिवेबाहेर झोपड्या बांधून राहते. या गावपळणीत झोपड्यांच्या वस्तीवर जी सभा भरते, रात्री जी भजने आणि गप्पा होतात, त्या पाहणाऱ्याला वाटावे की गाव खऱ्या अर्थाने जमले ते गाव सोडल्यावरच. एवढी शिस्त कोणत्याही सरकारी परिपत्रकाने आणता आलेली नाही.

पण गाऱ्हाण्यात 'नाय म्हाराजा' म्हणायची जागा नाही. ती असायला हवी असे मी म्हणत नाही, ते देवाशी बोलणे आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा देवळातून बाहेर पडून मंडपात बसलेली गावकी तीच लय घेऊन कारभार करू लागते. मानकऱ्यांची बैठक कोणी बोलवायची, कोण पुढे बसणार, कोणत्या वाडीने नुसते ढोल वाजवायचे आणि कोणत्या वाडीने पालखीला खांदा द्यायचा, हे सारे ठरलेले असते, आणि बायका त्या बैठकीत चहाच्या वेळेपुरत्या येतात. जो 'नाय' म्हणतो त्याच्या घरी पाणी कोणी पीत नाही, त्याच्या मयताला खांदा कोणी देत नाही. वाळीत टाकणे ही कोकणातल्या सभेची काळी बाजू आहे आणि ती इतकी खरी आहे की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एखाद्याला वाळीत टाकणाऱ्या बैठकीला गणपूर्तीची अडचण कधीच येत नाही, हे मी माझ्या आजोळी लहानपणी पाहिले आहे. वाळीत पडलेल्या घरची पोरे आमच्याबरोबर खेळायला यायची बंद झाली होती आणि का, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

शिवकाळातल्या गोतसभांचे, म्हणजे गावच्या न्यायसभांचे, महजर (निवाड्याचे कागद) मी छापील साधनसंग्रहांतून वाचत असतो. वतनाचा तंटा सुटला की निवाड्याच्या कागदावर 'हाजीर मजालसी' म्हणून जमलेल्यांची नावे लिहीत आणि ज्यांना अक्षर येत नसे ते आपली निशाणी काढीत. पाटील नांगर काढी. निवाड्याइतकीच माणसांची हजेरी महत्त्वाची होती, कारण उद्या कोणी कागद नाकारला तर नांगर काढणारा हात साक्षीला येईल. आमच्या वहीतला निळा अंगठा त्याच घराण्यातला आहे, फक्त त्याला कशाची साक्ष द्यायची आहे हे बहुतेक वेळा अंगठा उठल्यानंतर लिहिले जाते.

साहित्यिकांच्या सभेला कोणी गणपूर्ती विचारीत नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. दुसऱ्या सभेचे निमंत्रण १८८५ साली जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते परत केले. 'उंटावरून शेळ्या वळणाऱ्या' ग्रंथकारांना शूद्रातिशूद्रांच्या विपत्ती कोठून कळणार, असे त्यांनी त्या पत्रात विचारले. मराठी साहित्य संमेलनाच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीतले सर्वांत टिकाऊ लेखन संमेलनाला न गेलेल्या माणसाने लिहिले, असे माझे मत आहे आणि ते मी चारचौघांत सांगून भांडणे ओढवून घेतली आहेत. फुल्यांनी मोजणी निराळ्या बाजूने केली: किती आले याऐवजी कोण येऊच शकणार नाही, हे त्यांनी मोजले.

कोकणात ही संमेलने मालवणला १९५८ साली, रत्नागिरीला १९९० साली आणि चिपळूणला २०१३ साली झाली. मला मोठ्या संमेलनांपेक्षा तालुक्याची, शाळेच्या मैदानावर होणारी संमेलने आवडतात, कारण तिथे कवी आणि श्रोते एकाच पंगतीत सोलकढी पितात. तरी अशाच एका संमेलनाचे खुले अधिवेशन मी विसरू शकत नाही. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, शेवटच्या एस.टी.साठी बाहेरगावची मंडळी निघून गेली होती, आणि व्यासपीठावरून मराठी शाळा वाचवण्याचा ठराव वाचला जात असताना मंडपवाल्याची पोरे मागच्या रांगांतल्या खुर्च्या एकात एक घालून रचीत होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा तो खटखट आवाज सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांच्या मध्ये येत होता. "हात वर करून अनुमती द्यावी," असे म्हटल्यावर आम्ही पंधरा-वीस जणांनी हात वर केले. खुर्च्या रचणाऱ्या एका पोरानेही केला, बहुधा गमतीने. ठराव एकमताने मंजूर झाला.

याउलट कऱ्हाडला १९७५ साली, आणीबाणीत, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. सभेत एक माणूस उभा राहिला की बाकीच्यांना आपण बसलेले आहोत हे जाणवते. विकर्णाने जे केले ते वाया गेले असे मला अजून वाटत नाही.

सभेला सभेनेच कसे जाब विचारावे हे मात्र महाडने दाखवले. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन सभा, दोन्हीकडे रीतसर मंजुरी, आणि तळ्याचे पाणी होते तिथेच. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, आणि दुसऱ्या दिवशी ती परिषद मंडपातून उठून रांगेने तळ्यावर गेली. ज्या ठरावावर कौन्सिलात आणि नगरपालिकेत हात वर झाले होते, तो तिथे ओंजळीने मंजूर झाला. परतणाऱ्या प्रतिनिधींवर गावात हल्ले झाले. डिसेंबरात दुसरी परिषद भरायची तर मंडपाला जागा कोणी देईना. ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. न्यायालयाचा मनाईहुकूम आलेला होता, जिल्हाधिकारी समजूत घालायला मंडपात आले, आणि जमलेल्यांनी मोठ्या चर्चेअंती सत्याग्रह तहकूब केला. तहकूब हा शब्द इतक्या भारदस्तपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, आणि आंबेडकरांनी आपल्या भाषणात त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १९३७ साली सुटला. सावित्रीच्या काठच्या त्या तालुक्याच्या गावात, उसन्या जागेवरच्या मंडपात बसलेल्या माणसांना व्हर्साय ऐकून काय वाटले असेल, याचा विचार मी महाडवरून जाताना दर वेळी करतो.

आमची तहकूब सभा आठ दिवसांनी पंचायतीच्या खोलीत भरली. खोलीत भरली, कारण पटांगणाची गरज नव्हती. आम्ही अकरा जण होतो. ग्रामसेवकांनी या वेळी आकडे घालून ठेवले नव्हते. सहा विषय वीस मिनिटांत झाले. सातवा वाचल्यावर सरपंच म्हणाले, "मंजूर काय?" आणि कोपऱ्यातून दोघे-तिघे सवयीने, गाऱ्हाण्याच्या चालीवर, "व्हय" म्हणाले. एकजण हसलाही.

सड्याखालच्या वाडीतली एक बाई दाराशी उभी होती. आदल्या महिला ग्रामसभेत ती बोलली होती असे मागाहून कळले. तिच्या वाडीची विहीर सड्याच्या उतारालाच आहे. ती आत आली नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाली, "माका मंजूर नाय."

सरपंचांनी समजावले की बहुमत आहे, नोंद तशीच होईल. ग्रामसेवकांनी पेनाला टोपण लावले होते.

"बहुमत लिवा," ती म्हणाली. "पण माका मंजूर नाय, ह्याय लिवा. माझ्या नावानिशी लिवा, भाऊसाहेब."

ग्रामसेवकांनी सरपंचांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. का, ते मला ठाऊक नाही. मी त्या खोलीतला सर्वांत वयस्क होतो एवढेच. मी म्हटले, "दोन नावे लिहा." त्यांनी टोपण काढले आणि वही आपल्याकडे ओढून घेतली.